हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

देवाची प्रदक्षिणा म्हटली म्हणजे ती देवळाभोंवतालच्या फरसबंदीवरून घालावयाची, हा आपला नित्याचा अनुभव. कांहीं क्षेत्रीं सबंध पर्वतासच प्रदक्षिणा घालतात. त्र्यंबकेश्वरीं श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीची फेरी केलेलीं मंडळी वाचकांत पुष्कळ असतील. परंतु जिच्या मार्गाचा मोठा भाग दिवसांतून दोन वेळां समुद्राच्या ताब्यांत जातो आणि दोन वेळां मोकळा होतो, अशी प्रदक्षिणा आमच्या पाहण्यांत एकच आहे. ती कोंकणांतील श्रीक्षेत्र हरिहरेश्वर येथील होय.

सध्यांचा रायगड जिल्हा, म्हणजे सन १९८१ पूर्वींचा कुलाबा, याच्या दक्षिण टोंकास श्रीवर्धन तालुका आहे. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री नदी ज्या ठिकाणीं सागरास मिळते, तेथें तिच्या उत्तर तीरावर डोंगराचें एक भूशिर समुद्रांत घुसलें आहे. त्याच्या पायथ्याशीं हें क्षेत्र वसलेलें आहे. मुखाच्या पलीकडे बाणकोट. तेथील किल्ल्यास इंग्रजांनीं फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें होतें. सन १९४८ पर्यंत हा सारा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत मोडत असे. सन १७१३ मध्यें पेशवेपदीं आलेले बाळाजी विश्वनाथ भट हे येथून सुमारें वीस किलोमीटरांवरील श्रीवर्धनचे, आणि त्या घराण्याची या देवावर मोठी भक्ति. लोक या स्थानास दक्षिण काशी म्हणतात. अशा काश्या आपल्या देशांत बऱ्याच आहेत, त्याबद्दल वाद नको. पण येथें समुद्रतीरीं पितरांचें कार्य करण्यासाठीं दूरदूरचीं कुटुंबें येतात, हें मात्र खरें.

देवदर्शनाचा क्रम येथें ठरलेला आहे. प्रथम क्षेत्रपाल काळभैरवाचें दर्शन घ्यावयाचें, मग हरिहरेश्वराचें, आणि निघण्यापूर्वीं पुनः काळभैरवाचें. दारावरील रखवालदारास येतां-जातां दोन शब्द बोलावे, तसाच हा शिष्टाचार. देवळें कौलारू कोंकणी घडणीचीं आहेत, शिल्पाचें अवडंबर त्यांत नाहीं. डोळे दिपविणारें जें आहे तें देवळाच्या पाठीमागें आहे.

तेथून पायऱ्यांची वाट डोंगरावर चढते. माथ्यावर आल्यावर तिन्ही अंगांनीं समुद्र दिसूं लागतो, आणि वारा उपरणें अंगावर राहूं देत नाहीं. पुढें दोन उंच कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटींतून पायऱ्या खालीं थेट समुद्राच्या कांठावर उतरतात. तेथून पुढें बांधलेली वाट नाहीं. लाटांनीं कापून सपाट केलेल्या कातळावरून, उजव्या हातास डोंगर व डाव्या हातास समुद्र ठेवून, भूशिराला वळसा घालीत पुनः देवळाजवळच्या पुळणीवर यावयाचें. देव नेहमीं उजवीकडे राहावा म्हणून तिचें नांव प्रदक्षिणा. सबंध फेरी सावकाश चालणारासही तासाभराची. अंतर थोडें, चढण माफक. मग यांत अवघड तें काय? अवघड आहे ती वेळ.

अमरकोशांत ‘वेला’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: समुद्राच्या पाण्याचा विकार, काल आणि मर्यादा. आपला ‘वेळ’ हा शब्द त्यापासूनच आला. भरती, घटका आणि सीमा या तीन गोष्टींस एकच शब्द कां असावा, हें शाळेंत आम्हीं अनेक वर्षें मुलांस कोश उलगडून सांगत आलों. पण हरिहरेश्वरच्या त्या शेवटल्या पायरीवर उभें राहिलें म्हणजे तो अर्थ सांगावा लागत नाहीं. पाणी खालीं असतां जो कातळ अंगणासारखा मोकळा असतो, त्यावर भरतीच्या वेळीं लाटा कड्यावर आदळत असतात. मध्येंच सांपडलेल्या माणसास एका बाजूस उभा कडा आणि दुसऱ्या बाजूस समुद्र. वर चढून जाण्यास प्रत्येक ठिकाणीं जागा नाहीं. या मार्गावरून लाटेनें माणसें ओढून नेल्याच्या दुःखद वार्ता आजवर अनेकदां आल्या आहेत, आणि मृतांत बहुधा बाहेरगांवचे, धट्टेकट्टे, पोहतां येणारेही होते. कातळाशीं आपटणाऱ्या लाटेंत पोहण्याची विद्या कामास येत नाहीं.

आतां हा काळ कसा ओळखावा? ज्यांच्या घरीं भिंतीवर पंचांग टांगलेलें आहे त्यांस हें अवघड नाहीं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढें गेला म्हणजे एक तिथि होते. पृथ्वीस स्वतःभोंवतीं बारा अंश फिरण्यास अठ्ठेचाळीस मिनिटें, म्हणजे बरोबर दोन घटका लागतात. म्हणून चंद्राचें डोक्यावर येणें, आणि त्याच्या मागोमाग भरतीचें येणें, प्रत्येक तिथीस दोन घटकांनीं उशिरा होत जातें. तीस तिथींच्या साठ घटका झाल्या कीं अहोरात्र पुरें होऊन चक्र पुनः मूळ ठिकाणीं. कोंकणांतील जुनीं माणसें हाच हिशोब तासांत सोपा करून सांगतात: तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकरा वाजतां. वद्य पक्षांत पुनः प्रतिपदेपासून मोजावें. दिवसांत एकदां आणि रात्रीं एकदां, अशा दोन भरत्या. आणि प्रत्येकीनंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. मुंबईपेक्षां दक्षिणेकडील किनाऱ्यास भरती थोडी आधीं येते. तेव्हां अर्ध्या-पाऊण तासाचें अंतर नेहमीं हिशोबांत धरावें.

पाणी किती चढतें व किती उतरतें हाही प्रश्न आहेच. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येतें, तें उधाण. त्या वेळीं भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनांत होते, त्यास भांग म्हणतात. त्या दिवसांत पाणी फार चढत नाहीं आणि फार मागेंही सरत नाहीं. उधाणाचा खरा जोर बहुधा पर्वणीनंतर एक-दोन दिवसांनीं, द्वितीयेच्या सुमारास असतो.

हें गणित एकदां ध्यानांत आलें म्हणजे एक विचित्र गोष्ट नजरेस येते. ज्या दिवशीं या क्षेत्रीं सर्वांत अधिक गर्दी होते, ती महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. चवदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे लांबून निघालेलीं कुटुंबें स्नान, दर्शन उरकून प्रदक्षिणेस तयार होतात, नेमकी तेव्हां उधाणाची भरती माथ्यावर आलेली असते. पौर्णिमेची गोष्टही तीच. उलट कार्तिक वद्य अष्टमी, जी काळभैरवाची जयंती, त्या दिवशीं भरती सकाळीं सहाच्या सुमारास होऊन दुपारीं बाराच्या आसपास पाणी तळास गेलेलें असतें. क्षेत्रपालाच्या दिवशीं भर दुपारीं वाट मोकळी! मात्र ती ओहोटी भांगाची असल्यामुळें तेव्हांही कातळाच्या बाहेरच्या कडेस जाऊं नये.

आम्ही कुटुंबांतील नऊ माणसें गेल्या त्रिपुरी पौर्णिमेस तेथें गेलों होतों. आमच्या थोरल्या वहिनींनीं या प्रदक्षिणेचा नवस बोललेला होता. त्यांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें, गुडघे अधू. परंतु नवस पौर्णिमेचाच, त्यांत बदल नाहीं. त्यांच्या चिरंजिवांस कचेरीची सुटी तेवढी एकच दिवस. पहांटे पांच वाजतां पुणें सोडून ताम्हिणीच्या घाटानें माणगांव, म्हसळा करीत आम्ही अकराच्या सुमारास पोंचलों. काळभैरवाचें आणि हरिहरेश्वराचें दर्शन झाल्याबरोबर पुतण्या निघण्याची घाई करूं लागला.

“काका, तासाभराचें तर काम. ऊन चढायच्या आंत उरकूं या. तुमच्या पंचांगाप्रमाणें चारपर्यंत थांबलों तर पुणें गांठायला मध्यरात्र होईल.”

वहिनी म्हणाल्या, “भावोजी, मला त्या वाटेवर घाईनें चालवणार नाहीं. तुम्ही म्हणाल तेव्हां जाऊं. नाहींतर मी येथेंच बसतें.”

त्यांस देवळांत बसवून आम्ही दोघे पायऱ्या चढून वर गेलों. कड्यांच्या फटीच्या तोंडाशीं उभे राहून पुतण्यास खालीं पाहण्यास सांगितलें. तेथें सहा-सात तरुण शेवटल्या पायऱ्यांवर उभे होते. समुद्र त्या घटकेस अगदीं साधुपणानें वागत होता. एक-दोन लाटा कातळावर पसरून निमूटपणें मागें गेल्या. तेवढ्यावरून त्यांतल्या दोघांनीं पादत्राणें हातांत घेऊन खालीं पाऊल टाकलें. आमच्या मागून येणाऱ्या एका शहाळीं विकणाऱ्या म्हाताऱ्यानें ओरडून सांगितलें, “अरे, वर या! मोठी लाट यायची आहे अजून!” त्यांनीं वर पाहून हात हालविला. पुढची लाटही लहानच होती. तिच्या पाठची मात्र कड्यावर फुटली, फटींत शिरली आणि पायऱ्या चढून त्या दोघांच्या कमरेपर्यंत आली. ती परततांना ओढ केवढी होती तें त्यांनीं दोन्ही हातांनीं दगड धरला त्यावरून कळलें. मागच्यांनीं त्यांस दंडाला धरून वर ओढलें. वर आले तेव्हां कोणी कांहीं बोलत नव्हतें. एकाचा गुडघा फुटला होता.

समुद्रावरील लाटा सारख्या मापाच्या नसतात. दूरच्या वाऱ्यानें उठलेल्या लाटा गटागटानें येतात. कांहीं मिनिटें लहान, मग तीन-चार मोठ्या, मग पुनः लहान. कांठावर नवीन आलेला मनुष्य मधल्या शांततेस समुद्राचा स्वभाव समजतो. तीन पिढ्या त्या पाण्याकडे पाहत आलेला म्हातारा तसें समजत नाहीं. आपल्या पोरांबाळांस पुष्कळ गोष्टी यंत्रावर क्षणांत पाहतां येतात, भरतीच्या वेळाही येतात. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें छापतो, आणि तीं आमच्या पाऊणपटीहून निःसंशय अचूक आहेत. तीं पाहून निघावें हेंच उत्तम. परंतु पाहतो कोण? घाटांत गर्दी किती आहे हें पाहतात, भोजन कोठें चांगलें मिळतें हें पाहतात. आणि पंचांग पाहणारीं आमच्यासारखीं जुनीं माणसें मुहूर्त, राहुकाल सारें बारकाईनें बघतात. मात्र जी तिथि समुद्र पाळतो ती तेवढी सोडून देतात.

पुतण्या कांहीं न बोलतां खालीं आला आणि त्यानें गाडी झाडाखालीं लावली. भोजन केलें. सोलकढी उत्तम होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी थोडी घेतली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या होत्या. नवीं रोपें आतां कोठें अंगास येऊं लागलीं आहेत. पोफळ फळास येण्यास वर्षें लागतात, त्यामुळें त्या एका दिवसाची किंमत बागाईतदार अजून मोजीत आहेत.

चार वाजतां निघालों. त्या वेळपावेतों त्याच पायऱ्यांच्या खालीं विस्तीर्ण काळा कातळ उघडा पडला होता, आणि समुद्र लांब, कोणा दुसऱ्याचें काम करीत असल्यासारखा दिसत होता. फटींतून उतरतांना वारा एकदम थांबतो व लाटांचा घोष दोन भिंतींमध्यें कोंडून घुमतो. दगडाचा ओला थंडावा गालांस लागतो. मग अकस्मात् उजेड, आणि समोर पाणीच पाणी.

येथील खडक पाहण्यासाठीं म्हणून शाळांनीं मुलें आणावींत. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनवर जे लाव्हारसाचे थर पसरले, त्यांतलाच हा पाषाण. परंतु समुद्रानें त्याचें जें केलें आहे तें अपूर्व आहे. कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं हजारों घरें कोरलेलीं दिसतात. मुलें विचारूं लागलीं कीं हें लाटांनीं केलें काय? लाटांचा वांटा आहेच, परंतु कारागीर बहुतेक मीठ आहे. तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, उन्हानें पाणी उडून जातें, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा एक एक कण ढकलून बाहेर पाडतात. जेथें खळगा पडला तेथें ओल अधिक टिकते, म्हणून तो अधिक खोल होतो. पायांखालच्या कातळांत रांजणासारखे गोल खळगे आहेत. त्यांच्या तळाशीं गुळगुळीत गोटे पडलेले असतात. भरतीचें पाणी ते गोटे गरगरा फिरवून जात्यासारखें दळण दळतें. याच वाटेवर गायत्रीतीर्थ, चक्रतीर्थ, नागतीर्थ, गौतमतीर्थ, विष्णुपद अशीं स्थानें दाखवितात. आमच्या मतें, ज्या कोणीं खडकांतल्या या जागांस पहिल्यानें तीर्थांचीं नांवें दिलीं, त्याची नजर चांगली होती. नांवच नसतें तर कोणी थांबून पाहिलेंच नसतें.

लहानशा डबक्यांत खेंकडे, गोगलगाई आणि बोटाएवढे मासे ओहोटीपुरते अडकून राहिलेले असतात. नातवंडांनीं तेथें एवढा वेळ घालविला कीं शेवटीं हांक मारावी लागली. चालणारांस एक सूचना: जेथें खडक हिरवा व चकचकीत दिसतो तेथें पाऊल ठेवूं नये, शेवाळ निसरडें असतें. ज्यावर पांढऱ्या टोंकदार कवचांचे बारीक जीव चिकटलेले असतात तो खडक पायांस बोंचतो, पण घसरवीत नाहीं. आणि ज्या रेषेपर्यंत हे जीव चिकटलेले दिसतात, तेथपर्यंत पाणी रोज येतें, हेंही समजावें. ती रेषा पुष्कळ ठिकाणीं आमच्या डोक्याच्या वर होती.

वहिनी शेवटल्या पायरीपर्यंत दोन्ही नातींचे हात धरून उतरल्या. कातळावर चार पावलें टाकलीं, आणि थांबल्या. बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिल्या. मग वांकून एका खळग्यांतील पाणी डोळ्यांस लावलें आणि चिरंजिवांस म्हणाल्या, “मला एवढें पुरें. माझ्या पायांनीं तुम्हां सर्वांना खोळंबा होईल आणि पाणी कोणासाठीं थांबायचें नाहीं. माझी प्रदक्षिणा तूं घाल. चालतें ना हो, भावोजी?”

चालतें. व्रताचे कामीं पुत्र, पत्नी, बंधु यांस प्रतिनिधि करतां येतें, असा निबंधकारांचा स्पष्ट निर्णय आहे. आम्हीं तो त्यांस सांगितला. आणखी एक गोष्ट तेथेंच उभ्या उभ्या सर्वांस सांगितली, कारण ती या वाटेवर कोणाच्या तरी प्राणाची होऊं शकते. अर्धा मार्ग गेल्यावर पाणी वाढतांना दिसलें तर माघारीं फिरावें कीं नाहीं, असा संशय भाविक मनास पडतो. कारण उलट फिरणें म्हणजे देव डाव्या हातास येणें. आमचें म्हणणें, निःशंक फिरावें. ती प्रदक्षिणा नव्हेच, ती परतीची वाट. आणि पाणी उतरलेलेंच नसेल त्या दिवशीं देवळाभोंवतीं फेरी घालून नमस्कार करावा. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत, समुद्र खवळलेला असतां, कोणत्याही तिथीस खालीं उतरूं नये. इतर दिवसांतही ओहोटी लागून तीन-साडेतीन तास झाल्यावर उतरावें आणि पाणी तळास जाण्याच्या सुमारास पुळणीवर बाहेर पडलेलें असावें.

वहिनींजवळ आमचें कुटुंब व धाकटी सून थांबली. बाकीचे आम्ही पुढें निघालों. पुतण्यानें पादत्राणें काढून आईच्या पिशवींत दिलीं होतीं. तो सर्वांच्या पुढें, मुकाट्यानें, एक एक तीर्थापाशीं हात जोडीत चालला होता. दुपारची घाई कोठें गेली होती कोण जाणे. भूशिराच्या टोंकापाशीं बाणकोटची बाजू समोर दिसूं लागते. सावित्रीचें गढूळ पाणी आणि समुद्राचें हिरवें पाणी यांच्यामधली वांकडी रेषा ओळखूं येते. येथें उभें राहिलें असतां समुद्र काय काय वाहून आणीत असेल असा विचार मनांत येतो. सन २०२२ च्या जून अखेरीस ओमानच्या बाजूस यंत्र बिघडल्यामुळें माणसांनीं सोडून दिलेली एक नौका पावसाळी वाऱ्यानें वाहत वाहत ऑगस्टांत याच हरिहरेश्वरच्या किनाऱ्यास येऊन लागली. तिच्यांत बंदुका निघाल्यामुळें केवढी धांदल उडाली तें वाचकांस आठवत असेल. ज्या वाऱ्यानें अरबांचीं तारवें शतकानुशतकें या बंदरांस येत होतीं, तोच तो वारा.

पांच वाजून दहा मिनिटांनीं आम्ही पुळणीवर उतरलों. थोडें थांबलों. सूर्य समुद्राला टेंकत होता, आणि खाडीच्या अंगास डोंगरांवर पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. वहिनी आधींच देवळाकडे परतल्या होत्या. देवळाच्या दीपमाळेवर पणत्या लावण्याचें काम चाललें होतें. त्यांतल्या पांच पणत्या त्यांनीं मागून घेऊन आपल्या हातानें लावल्या. चिरंजिवांनीं त्यांच्या हातांत सांपडलेला एक गुळगुळीत काळा गोटा ठेवला. “हा कोठें मिळाला?” म्हणून त्यांनीं विचारलें. त्यानें सांगितलें, “चक्रतीर्थाच्या पलीकडे.” “मग देऊन ये परत,” त्या म्हणाल्या, “तो तेथेंच दळायला लागतो.”

पुळणीच्या कडेस पाण्याची रेघ तोंवर पुढें सरकूं लागली होती. पुतण्यानें गोटा पाण्यांत जरा लांब भिरकावून दिला. काळभैरवाचें दुसरें दर्शन घेतलें आणि सात वाजतां आम्ही म्हसळ्याच्या रस्त्यास लागलों. पुण्यास पोंचण्यास साडेबारा झाले.